वाचकांचे प्रश्न : पायथनची पॅकेजेस कुठे गेली?

प्रश्न : आमच्या केळी-व्यापाराच्या हिशेबाचा, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील प्रोग्रॅम, उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर आल्यापासून, ‘मॉड्यूल सापडले नाही’ असे सांगतो. पायथनची पॅकेजेस (तयार कोडचे संच) बसवणारे ‘पिप’ हे साधनही पॅकेज घेण्यास नकार देते. जुनी आवृत्ती पुन्हा टाकावी काय?
— एक वाचक, सावदा (जि. जळगाव)

उत्तर : मुळीच नको. २२.०४ मध्ये पायथन ३.१० होते, २४.०४ मध्ये ३.१२ आहे, पिपने बसवलेली पॅकेजेस ज्या-त्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये राहत असल्याने, डिस्कवर असूनही ती नव्या पायथनला दिसत नाहीत. पिपचा नकार हा बिघाड नसून उबुंटूची स्वतःची पायथन पॅकेजेस विस्कटू नयेत म्हणून मुद्दाम घातलेला अटकाव आहे. तो मोडण्याचा पर्याय उपलब्ध आहे, पण हिशेबाच्या संगणकावर तो वापरू नये, असे आमचे मत आहे. त्याऐवजी उबुंटूच्या ‘एपीटी’ या पॅकेज बसवण्याच्या साधनाने ‘पायथन३-व्हेन्व्ह’ बसवून प्रोग्रॅमसाठी स्वतंत्र आभासी वातावरण (फक्त त्या प्रोग्रॅमची पॅकेजेस ठेवणारा वेगळा फोल्डर) तयार करावे आणि पॅकेजेस त्यातच घालावीत.