रंकाळ्यातलं शेवाळ मोजायला सुरुवात करताय? आधी हे वाचा

काठावरची हिरवी साय बाटलीत भरली म्हणजे नमुना झाला, असं समजू नका. मायक्रोसिस्टिस या विषारी ठरू शकणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशींमध्ये वायूच्या पोकळ्या असतात, त्यामुळे त्या वर तरंगतात आणि वारा त्यांना एका काठाला लोटतो. तिथला आकडा अख्ख्या तलावाचा धरलात तर फसाल. जागा एकच ठरवा, समजा संध्यामठाजवळची, आणि दर पंधरा दिवसांनी सकाळी त्याच वेळेला जा. सायीखालून, साधारण ३० सेंमी खोलीवरून पाणी घ्या. सायीचा नमुना हवाच असेल तर वेगळ्या बाटलीत. हातमोजे विसरू नका.

१०० मिली नमुन्यात लुगोलचं आयोडीन (पेशी टिकवून ठेवणारं द्रावण) थेंबाथेंबाने घाला. फिक्या कोऱ्या चहाचा रंग आला की थांबा. जास्त झालं तर पेशी गडद होऊन ओळखू येत नाहीत. बाटली अंधारात ठेवा, कारण उजेडाने आयोडीन उडतं.

पारदर्शकतेसाठी २० सेंमीची काळी-पांढरी सेक्की तबकडी सावलीच्या बाजूने सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी लिहा.

मधेच पद्धत बदलायची नाही, हे मी पुन्हापुन्हा सांगेन. समुद्रातले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, मोजणारं कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर हे सर्वेक्षण १९३१ पासून जवळपास त्याच यंत्राने आणि त्याच रेशमी जाळीने चालू आहे, म्हणून तर तिथले दशकांचे बदल ताडून बघता येतात.

आणि कुणी विचारलं तर स्पष्ट सांगा: असं पाणी उकळून शेवाळाचं विष जात नाही, उलट पेशी फुटून ते पाण्यात उतरतं. जनावरांनाही पाजू नये.