जळगाव-धुळ्याकडे आरोग्य विम्यात स्पर्धा का जाणवत नाही?

कंपन्या कमी नाहीत. सरकारीच चार आहेत, खासगी वेगळ्या. पण अमळनेर-चोपड्यात एजंट दाखवेल तीच पॉलिसी घेतली जाते आणि कॅशलेससाठी, म्हणजे बिल थेट कंपनीने भरावं यासाठी, कंपनीच्या यादीत जवळचं हॉस्पिटल नसलं तर स्वस्त हप्त्याचा काय उपयोग? रात्री छातीत दुखलं तर नाशिक गाठायचं का?

खरी अडचण पुढे येते. माझ्या काकांना साठीनंतर शुगर निघाली, हप्ता वाढला, आणि दुसरी कंपनी घ्यायला तयार होईना. आजारी माणूस जुन्या कंपनीत अडकतो. तिथे स्पर्धा संपते.

म्हणून तब्येत चांगली आहे तोवरच तुलना करा. २०११ पासून पोर्टेबिलिटी, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची सोय, आहे: कंपनी बदलली तरी जुन्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) मोजला जातो, मात्र जुन्या विमा रकमेपुरताच. आता हा काळ जास्तीत जास्त ३ वर्षं ठेवता येतो. नूतनीकरणाच्या निदान दीड महिना आधी अर्ज करा, आणि नवी कंपनी लेखी होकार देईपर्यंत जुनी पॉलिसी अजिबात बंद पडू देऊ नका. फॉर्मवर बीपी-शुगर लपवू नका, एजंट म्हणाला तरी.