चित्रकारांवरचं पुस्तक घेताना आधी चित्राखालची ओळ वाचा

ताई, तुमची मुलगी सातवीत आहे, एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेची तयारी करतेय, आणि तिला वाढदिवसाला मोठ्या चित्रकारांची ओळख करून देणारं सचित्र पुस्तक द्यायचंय. ते इंग्रजी घ्यावं की मराठी, असं तुम्ही सांगलीहून विचारलंय. मी सातारा जिल्ह्यात बरीच वर्षं चित्रकला शिकवली आहे, त्यावरून सांगतो: भाषेची काळजी नंतर करा. मुलं आधी चित्रंच बघतात, मजकुराकडे सावकाश वळतात. म्हणून पुस्तक चित्राशी किती इमानदार आहे, ते आधी तपासा.

दुकानात कुठलंही पान उघडा आणि चित्राखालची बारीक ओळ वाचा. चित्राचं वर्ष, माध्यम, सेंटिमीटरमध्ये माप आणि मूळ चित्र कुठे आहे, एवढं तिथे हवंच. ते नसेल तर कागद कितीही गुळगुळीत असो, पुस्तक परत ठेवा. पुस्तकात सगळी चित्रं एकाच मापाची होऊन जातात, हा या प्रकारातला सगळ्यात मोठा धोका. मोनालिसा 77 बाय 53 सेंटिमीटर आहे. पिकासोचं 1937 सालचं गेर्निका साडेतीन मीटर उंच आणि जवळजवळ पावणेआठ मीटर रुंद. पानावर दोन्ही तळहाताएवढी दिसतात! मुलीला टेप आणि खडू द्या आणि गच्चीवर गेर्निकाची चौकट आखायला सांगा. त्या चौकटीसमोर उभी राहिली की गेर्निका गावावरच्या बॉम्बहल्ल्याचं हे चित्र एवढं अवाढव्य का केलं असेल, याचा विचार ती आपणहून करायला लागेल.

दुसरी गोष्ट चरित्राची. व्हॅन गॉगवरच्या कितीतरी पुस्तकांत कान कापल्याची हकीकत पानंच्या पानं चालते आणि तो चित्र शिकला कसा, हे दोन ओळींत उरकतात. मला हे फार खटकतं. शिकणाऱ्या मुलीला उपयोगाचं आहे ते हे, की तो 27 व्या वर्षी चित्रकलेकडे वळला, 37 व्या वर्षी गेला, आणि 1887 मध्ये त्यानं हिरोशिगेच्या जपानी छापचित्रांवरून तैलरंगात नकला केल्या. हिरोशिगेचं चित्र आणि व्हॅन गॉगची नक्कल शेजारी शेजारी छापणारं पुस्तक मिळालं तर डोळे मिटून घ्या. काय जसंच्या तसं घेतलं, रंग कुठे भडक केला, कडेनं चौकट का वाढवली, हे मुलं अक्षरशः बोट ठेवून दाखवतात. अमृता शेरगिलचंही तसंच. ती 1936 च्या अखेरीस अजिंठ्याला गेली आणि 1937 मध्ये तिनं नववधूच्या शृंगाराचं चित्र केलं. अजिंठ्याचं भित्तिचित्र आणि हे चित्र एकत्र दाखवलं, तर निम्मं सांगायचं काम उरतच नाही.

छपाई बघताना मोठं चित्र दोन पानांवर पसरून ऐन चेहरा मधल्या घडीत गेलाय का, ते पाहा. आणि एखादा तुकडा मोठा करून दाखवलाय का, तेही. तुकड्यातच ब्रशचा हात दिसतो.

आता माझा खरा आग्रह. पहिलं पुस्तक राजा रविवर्म्याचं घ्या, कारण त्याची मूळ चित्रं तुमच्या हाकेच्या अंतरावर आहेत. खटाव तालुक्यातल्या औंधला, यमाईच्या डोंगरावर औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, 1938 साली उभारलेलं संग्रहालय आहे. राजे स्वतः चित्रकार होते. तिथे रविवर्मा आहे, चित्रकार धुरंधर आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं माता-बालकाचं शिल्पसुद्धा आहे. सांगलीहून विट्यामार्गे एका दिवसात जाऊन येता येतं. फक्त सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. पुस्तक सोबत न्या आणि मूळ चित्रासमोर उघडा. जरीचा काठ लांबून सोन्यासारखा चमकतो, जवळ गेलं की पिवळ्या-तपकिरी रंगाचे सुटे फटकारे दिसतात. छापील पानात ते फटकारे एकजीव होऊन गेलेले असतात. अंधारातला गडद रंगही छपाईत बहुतेक वेळा सपाट काळा होतो. घरी आल्यावर तिला भिंग द्या. पानावरचा रंग म्हणजे चार शाईंचे ठिपके आहेत, हे दिसेल. रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत छापखाना काढून आपल्या देवदेवता घरोघरी पोचवल्या, त्या काळात तर प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा. चित्र आणि छाप यांतला हा फरक ज्याला एकदा दिसला, त्याला पुढे कुठलंही पुस्तक नीट वाचता येतं.

मराठीत हवंच असेल तर माधुरी पुरंदरे यांचं 'पिकासो' आहे, पण ते दहावीनंतर द्या. भारतीय चित्रकारांसाठी ललित कला अकादमीच्या पातळ पुस्तिका शोधा. दिसायला साध्या, पण फाफटपसारा नाही. पाचगणीजवळच्या भिलार या पुस्तकांच्या गावात घरोघरी बसून फुकट वाचता येतं, तिथे एक दिवस काढा आणि ती कुठल्या पानावर रेंगाळते ते बघून मग खरेदी करा.

जुनं पुस्तक घेत असाल तर प्रत्येक पान सुटं होतंय ना, हे मात्र बघाच. आर्ट पेपर एकदा भिजून वाळला की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना रंगासकट सोलवटतात. 2019 च्या पुरानंतर आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको.