एकापेक्षा जास्त गोष्टी कॉपी करून नंतर हवी ती पेस्ट कशी करावी?

विंडोज १० आणि ११ मध्ये ही सोय आधीपासूनच आहे. विंडोज आणि व्ही ही बटणे एकत्र दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत ती फक्त एकदा सुरू करावी लागते. त्यानंतर कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तेथे साठतात, त्यामुळे एका फाइलमधून नाव, पत्ता आणि तारीख ओळीने कॉपी करून घेऊन मग दुसऱ्या फाइलमध्ये हवे ते निवडून पेस्ट करता येते आणि दोन खिडक्यांमधील येरझाऱ्या वाचतात. संगणक पुन्हा सुरू केल्यावर यादी पुसली जाते, पण पिन केलेला, म्हणजे यादीत कायम राहावा म्हणून पिनच्या खुणेने राखून ठेवलेला मजकूर टिकतो. पासवर्ड कॉपी केल्यास मात्र तोही यादीत उघडा दिसू शकतो, म्हणून तो तेथून लगेच काढून टाकावा, असे मी आग्रहाने सांगेन.