राष्ट्रपतींची सही : कुठे अडते, कुठे अडत नाही

राष्ट्रपती म्हणजे ‘रबरी शिक्का’, असं सगळे म्हणतात. ते सही खरंच नाकारू शकतात का?
— एक वाचक, कराड

सहीला आलेला कागद कोणता, यावर ते ठरतं.

संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला अनुच्छेद 111 नुसार राष्ट्रपती संमती देऊ शकतात, संमती रोखू शकतात किंवा फेरविचारासाठी ते परत पाठवू शकतात. धनविधेयक (कर, सरकारी खर्च अशा विषयांचं) मात्र परत पाठवता येत नाही आणि घटनादुरुस्तीला 1971 पासून संमती द्यावीच लागते. परत गेलेलं विधेयक संसदेने पुन्हा मंजूर केलं, मग त्यात एक शब्दही बदललेला नसला, तरी सही टळत नाही. 2006 साली खासदारांना काही सरकारी पदं सांभाळण्याची सूट देणारं ‘लाभाचे पद’ विधेयक अब्दुल कलाम यांनी परत पाठवलं, संसदेने ते पुन्हा मंजूर केलं आणि त्यांना सही करावी लागली.

पण सहीसाठी मुदत घातलेली नाही. लोकांची पत्रं उघडण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारं 1986 चं टपाल दुरुस्ती विधेयक झैलसिंग यांनी ना मंजूर केलं, ना परत पाठवलं. त्याचा कायदा कधीच झाला नाही.

मंत्रिमंडळाच्या सल्ल्याचं गणित वेगळं आहे. 1976 च्या 42व्या दुरुस्तीने तो बंधनकारक झाला. 1978 च्या 44व्या दुरुस्तीने, तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. तोच सल्ला पुन्हा आला तर मानावाच लागतो. तरीही ही एक संधी मोलाची आहे. 1997 साली उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि गुजराल सरकारने ती सोडून दिली. सरकारने हट्ट धरला असता तर त्यांना सही करावी लागली असती. पण राष्ट्रपतींनी शंका घेतली हे देशाला कळलं की हट्ट धरणं महाग पडतं.

घाईत मात्र ही संधी हातची जाते. 25 जून 1975 च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीवर सही केली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकच झालेली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. म्हणूनच आता आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो. राष्ट्रपती राजवटीला (अनुच्छेद 356) ही अट नाही. 23 नोव्हेंबर 2019 ला महाराष्ट्रातली राजवट पहाटे उठली ती केंद्र सरकारच्या कार्यनियमांतल्या नियम 12 खाली. त्यानुसार पंतप्रधान आधी निर्णय घेऊ शकतात, मंत्रिमंडळाची मान्यता मागाहून मिळते. आमच्या मते लेखी निर्णयाची अट इथेही हवी.

‘शक्ती’ विधेयक विधिमंडळाने मंजूर करूनही कायदा का झालं नाही?
— एक वाचक, नांदेड

‘शक्ती’ हे महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणारं राज्याचं विधेयक. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात. राज्याची तरतूद केंद्रीय कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींच्या संमतीविना ती टिकत नाही. अशी विधेयकं राज्यपाल राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. 1999 च्या मोक्काला (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) संमती मिळाली, डिसेंबर 2021 मध्ये मंजूर झालेल्या ‘शक्ती’ला मिळाली नाही. अनेकांना ठाऊक नसतं की राज्याचं विधेयक विधिमंडळाने पुन्हा मंजूर केलं तरी राष्ट्रपती संमती द्यायला बांधील नसतात (अनुच्छेद 201). आणि हा निर्णय ते केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच घेतात. न्यायालय त्यासाठी मुदत घालून देऊ शकत नाही, असं मत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिलं.

जमिनीच्या चुकीच्या फेरफाराबद्दल राष्ट्रपतींना अर्ज केला. ‘राज्य सरकारकडे पाठवला’ एवढंच उत्तर आलं. पुढे काय?
— एक वाचक, जत

जमीन हा राज्याचा विषय आहे. राष्ट्रपती सचिवालय असे अर्ज संबंधित सरकारकडे पाठवतं, त्यावर स्वतः निकाल देत नाही. तिथल्या उत्तराची वाट पाहत बसू नका, कारण त्यात खऱ्या अपिलाची मुदत निघून जाते. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 247 खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे 60 दिवसांत अपील करा. सोबत फेरफाराची प्रमाणित नक्कल जोडा. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज द्या आणि उशिराचं कारण तारखांसह लिहा. वाद मालकी हक्काचाच असेल, तर तो दिवाणी न्यायालयात दावा लावूनच सुटेल.