जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) पहिल्या वर्षाला आहे, ग्रामीण रुग्णालयात पहिलं वॉर्ड पोस्टिंग लागलंय. जाण्याआधी काय शिकून घेऊ?

आधी बीपी हाताने घ्यायला शिक, डिजिटल मशीनवर विसंबू नको. पेशंटला पाच मिनिटं टेकून बसव, हात हृदयाच्या पातळीवर ठेव. श्वास मोजताना सांगू नको, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. नाडी धरून ठेव आणि श्वास पूर्ण मिनिट मोज.

आपल्या विदर्भात पावसाळ्यात शेतातून साप चावलेले पेशंट येतातच. घोणसच्या विषाने रक्त गोठत नाही, म्हणून २० मिनिटांची तपासणी करतात. २ मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं, प्लास्टिकच्या नाही, आणि २० मिनिटं ट्यूबला हातही लावायचा नाही. मधेमधे उचलून बघितलं की निकाल बिघडतो. वेळ झाली की एकदाच तिरपी कर. रक्त पातळच असेल तर धावत डॉक्टरांकडे जा. हे सिनिअर सिस्टरच्या शेजारी उभं राहून नीट बघून घे, पुस्तकात वाचून ते हातात बसत नाही.

सिकलसेलचं (रक्ताचा आनुवंशिक आजार) पोरगं कण्हत असेल तर 'नाटक करून राहिला' म्हणणाऱ्यांचं ऐकू नको, त्या वेदना भयंकर असतात. पाणी पाज, अंगावर पांघरूण घाल, लगेच कळव.

आणि वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, कितीही घाई असो. सरळ पांढऱ्या डब्यात. हेपटायटिस बीची (रक्तातून पसरणारी कावीळ) लस राहिली असेल तर याच आठवड्यात सुरू कर, तिचे तीन डोस असतात.