विहिरीवरचे जुने इंजिन ओळखताना

परभणीकडच्या शेतात सापडलेले इंजिन कोणते, हे जाणण्याची तुमची उत्सुकता रास्त आहे. मात्र तारेचा ब्रश आणि रंगाचा डबा तूर्त दूर ठेवावा, कारण बनवणाऱ्याच्या नावाच्या पितळी पाटीवरची पुसट अक्षरे आणि मूळ रंगाचे थर एकदा गेले की परत मिळत नाहीत.

पाटी नसेल तर मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) व स्पार्क प्लग आहे की इंजेक्टर (इंधन दाबाने आत फवारणारा भाग), हे पाहावे. इंजेक्टर असल्यास ते बहुधा डिझेलचे. ब्लॉकवरचे उठावाचे ओतीव आकडे बहुधा त्या सुट्या भागाचे असतात, तर इंजिनाचा क्रमांक सहसा ठशाने ठोकलेला असतो, आणि नवखे नेमके इथेच फसतात. दोन जड फ्लायव्हील (गती सम ठेवणारी चाके) दिसताच ‘लिस्टर’ या ब्रिटिश कंपनीचे इंजिन म्हणू नये. राजकोटला त्याच धाटणीची पुष्कळ इंजिने तयार झाली आहेत. अडकलेल्या पिस्टनवर हातोडा तर मुळीच नको.